फ्रीडरिख पाउलुस

फ्रीडरिख विल्हेल्म एर्न्स्ट पाउलुस (२३ सप्टेंबर १८९० – १ फेब्रुवारी १९५७) हा जर्मन भूदलातील सेनाधिकारी होता. त्याने पहिल्या व दुसऱ्या अशा दोन्ही महायुद्धांत भाग घेतला. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनीच्या सहाव्या सेनेचा सेनापती होता. ही सेना नोव्हेंबर १९४२मध्ये स्टालिनग्राड (आताचे व्होल्गोग्राड) येथे वेढली गेली आणि ३१ जानेवारी १९४३ रोजी पाउलुस सोव्हिएत सैन्याच्या हाती लागला. आदल्याच दिवशी हिटलरने त्याला फील्ड मार्शल या सर्वोच्च हुद्द्यावर बढती दिली होती. शत्रूच्या हाती जिवंत सापडलेला तो पहिला जर्मन फील्ड मार्शल होय.

पाउलुसच्या सेवेचा बहुतेक काळ इतर सेनापतींच्या मुख्यालयांत योजना आखण्यात व त्या तडीस नेण्यात गेला. वरिष्ठांची आज्ञा आणि हाताखालील सैनिकांच्या प्राणांची जबाबदारी यांत विरोध उत्पन्न झाला, तर सेनापतीने काय करावे, या प्रश्नाच्या चर्चेत त्याचे उदाहरण नेहमी दिले जाते.

काही ग्रंथांत त्याचा उल्लेख 'फॉन पाउलुस' असा आढळतो. तो चुकीचा आहे. 'फॉन' हा शब्द सामान्यतः सरदार घराण्यातील व्यक्तींच्या आडनावापूर्वी येतो. पाउलुस मध्यमवर्गीय कुटुंबातील होता.

जन्म व शिक्षण

पाउलुसचा जन्म जर्मनीतील हेसे प्रांतात गुक्सहागेनजवळील ब्राइटेनाउ येथे झाला. त्याचे वडील तेथील सुधारगृहात हिशेबनीस होते. शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याने नौदलात अधिकारी होण्याचा प्रयत्न केला. परंतु त्याला प्रवेश मिळाला नाही. त्यानंतर त्याने काही काळ मारबुर्ग विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. तो अर्धवट सोडून फेब्रुवारी १९१०मध्ये तो १११व्या पायदळ रेजिमेंटमध्ये उमेदवार अधिकारी म्हणून दाखल झाला.

१९१२मध्ये त्याचा विवाह एलेना रोसेत्ती-सोलेस्कू हिच्याशी झाला. ती रुमानियातील एका सरदार घराण्यातील होती. या दांपत्यास एक मुलगी व दोन जुळे मुलगे झाले.

पहिले महायुद्ध

१९१४मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा पाउलुस आपल्या रेजिमेंटसह फ्रान्सच्या आघाडीवर गेला. त्या वर्षी त्याने व्होज पर्वतराजीतील व आरास परिसरातील लढायांत भाग घेतला. पुढे आजारपणामुळे त्याला काही काळ आघाडीपासून दूर राहावे लागले. प्रकृती सुधारल्यावर त्याची नेमणूक आल्पेनकोर या पर्वतीय दलाच्या मुख्यालयात झाली. या दलाबरोबर त्याने फ्रान्स, रुमानिया व सर्बिया येथील मोहिमांत काम केले. युद्ध संपले तेव्हा तो कॅप्टन होता.

या युद्धातच त्याच्या पुढील आयुष्याची दिशा ठरली. प्रत्यक्ष तुकडीचे नेतृत्व करण्याऐवजी नकाशे, रसद, हालचालींची वेळापत्रके व आज्ञापत्रे यांच्या कामात तो तरबेज झाला. आघाडीवरील सेनापतीला निर्णयासाठी लागणारी सामग्री जमवून देणे आणि निर्णय झाल्यावर तो बिनचूक अमलात आणणे हे या कामाचे स्वरूप असते.

दोन महायुद्धांमधील काळ

१९१९च्या व्हर्सायच्या तहानुसार जर्मन भूदलाची संख्या एक लाखावर आणण्यात आली आणि त्यात फक्त ४,००० अधिकारी ठेवण्याची मुभा मिळाली. या मोजक्या अधिकाऱ्यांत पाउलुसची निवड झाली. काही काळ तो स्टुटगार्ट येथील १३व्या पायदळ रेजिमेंटमध्ये कंपनीचा प्रमुख होता. पुढे प्रसिद्धीस आलेला एर्विन रोमेल हाही त्याच रेजिमेंटमध्ये कंपनीप्रमुख होता. दोघांचे स्वभाव मात्र भिन्न होते. रोमेल आघाडीवर राहून धाडसी निर्णय घेणारा, तर पाउलुस सर्व बाजूंचा विचार करून सावकाश मत बनवणारा होता.

हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनीने रणगाडा दलाची उभारणी वेगाने सुरू केली. १९३४मध्ये पाउलुसकडे एका मोटारवाहू बटालियनचे नेतृत्व आले. १९३५मध्ये तो जनरल ओस्वाल्ड लुट्झ याच्या रणगाडा मुख्यालयाचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे सेनापतीच्या कार्यालयाचा प्रमुख झाला. नंतर त्याने हाइन्झ गुडेरिअन याच्या हाताखालीही काम केले. गुडेरिअनने त्याच्या बुद्धिमत्तेची व कष्टाळूपणाची वाखाणणी केली. पण त्याच्याकडे निर्णयाची धडाडी व मोठ्या तुकड्या हाताळण्याचा अनुभव आहे का, याविषयी शंकाही व्यक्त केली होती.

पोलंड, पश्चिम आघाडी व भूदल मुख्यालय

सप्टेंबर १९३९मध्ये पोलंडवरील आक्रमणाच्या वेळी पाउलुस जनरल वाल्टर फॉन राइशेनाउ याच्या दहाव्या सेनेचा चीफ ऑफ स्टाफ होता. या सेनेलाच पुढे सहावी सेना हे नाव मिळाले आणि १९४०मध्ये तिने बेल्जियम व फ्रान्सच्या मोहिमेत भाग घेतला. राइशेनाउ उतावळा व कार्यालयीन कामाचा कंटाळा असलेला सेनापती होता, त्यामुळे तपशिलाची सर्व जबाबदारी पाउलुसवर पडे. ही जोडी यशस्वी ठरली.

सप्टेंबर १९४०मध्ये पाउलुसची नेमणूक भूदलाच्या जनरल स्टाफचा प्रमुख फ्रान्झ हाल्डर याचा उपप्रमुख म्हणून झाली. सोव्हिएत संघावरील आक्रमणाची योजना तयार करण्याचे काम त्याच्याकडे सोपवण्यात आले. या योजनेस 'बार्बारोसा' हे नाव देण्यात आले. १९४०च्या अखेरीस त्याच्या देखरेखीखाली या योजनेची नकाशावर चाचणी घेण्यात आली. जर्मन सैन्य जसजसे पूर्वेकडे सरकेल तसतशी आघाडी रुंदावत जाईल, रसदीचा मार्ग लांबेल आणि उपलब्ध सैन्य अपुरे पडू लागेल, हे या चाचणीत दिसून आले. तरीही योजनेत मूलभूत बदल झाला नाही. हे आक्रमण अन्याय्य आहे, असे मत पत्नी एलेनाने त्याच्यापाशी व्यक्त केल्याचे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. असे निर्णय राजकीय नेतृत्वाने घ्यावयाचे असतात, अशी पाउलुसची भूमिका होती.

१९४१च्या वसंत ऋतूत हाल्डरने त्याला उत्तर आफ्रिकेत रोमेलकडे पाठवले. रोमेलच्या बेधडक चढायांमुळे रसदीवर पडणारा ताण तपासणे हा या भेटीचा हेतू होता.

सहाव्या सेनेचे नेतृत्व

जानेवारी १९४२मध्ये पाउलुस सहाव्या सेनेचा सेनापती झाला. त्याच महिन्यात राइशेनाउचा आजाराने मृत्यू झाला. यापूर्वी पाउलुसने युद्धात एकाही कोरचे किंवा डिव्हिजनचे नेतृत्व केलेले नव्हते. कंपनी व बटालियन यांच्यापलीकडे अनुभव नसलेल्या अधिकाऱ्याच्या हाती जर्मन भूदलातील सर्वांत मोठ्या सेनांपैकी एक आली.

या सेनेचा पूर्वेतिहास रक्ताळलेला होता. सप्टेंबर १९४१मध्ये कीवजवळील बाबी यार येथे एस. एस. या नाझी संघटनेच्या पथकांनी दोन दिवसांत ३३,००० पेक्षा अधिक ज्यूंची हत्या केली. तेव्हा तो भूभाग सहाव्या सेनेच्या ताब्यात होता व तिने या पथकांना साहाय्य केले होते. ऑक्टोबर १९४१मध्ये राइशेनाउने अशा हत्यांचे समर्थन करणारे आज्ञापत्र काढले. पाउलुसने सूत्रे हाती घेतल्यावर ते मागे घेतल्याचे सांगितले जाते. तथापि, ज्या युद्धातून हे अत्याचार घडले त्याच्या आखणीत त्याचा मोठा वाटा होता, हेही इतिहासकार निदर्शनास आणतात.

मे १९४२मध्ये सोव्हिएत सैन्याने खारकोव परिसरात मोठी चढाई केली. सुरुवातीला सहाव्या सेनेची स्थिती बिकट झाली. नंतर दक्षिणेकडून जर्मन रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला व दोन्ही बाजूंनी सोव्हिएत सैन्य कोंडले गेले. दोन लाखांहून अधिक सैनिक जर्मनांच्या हाती लागले. या विजयाने पाउलुसचे नाव जर्मनीत सर्वतोमुखी झाले. वरिष्ठांचे ऐकून टिकाव धरला की अखेरीस संकटातून मार्ग निघतो, हा धडा त्याने खारकोवच्या अनुभवातून घेतला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

स्टालिनग्राडची लढाई

२८ जून १९४२ रोजी जर्मनीने दक्षिण रशियात नवी मोहीम सुरू केली. कॉकेशसमधील खनिज तेलाचे साठे मिळवणे हा तिचा मुख्य हेतू होता. जुलैमध्ये हिटलरने आपले सैन्य विभागले. एक भाग कॉकेशसकडे गेला आणि सहाव्या सेनेला व्होल्गा नदीकाठच्या स्टालिनग्राड शहराकडे पाठवण्यात आले. २३ ऑगस्ट रोजी जर्मन रणगाडे शहराच्या उत्तरेस व्होल्गाकाठी पोहोचले. त्याच दिवशी झालेल्या प्रचंड बॉम्बवर्षावात शहराचा मोठा भाग बेचिराख झाला व हजारो नागरिक मृत्युमुखी पडले.

सप्टेंबरपासून शहरात घरोघरी लढाई सुरू झाली. जनरल वासिली चुइकोव याच्या नेतृत्वाखालील ६२व्या सोव्हिएत सेनेने कारखाने, तळघरे व ढिगारे यांच्या आश्रयाने प्रतिकार केला. मोकळ्या मैदानावरील वेगवान हालचालींसाठी सज्ज असलेली सहावी सेना अरुंद गल्ल्यांत अडकून पडली. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिने शहराचा सुमारे नऊ-दशांश भाग घेतला होता. पण नदीकाठची अरुंद पट्टी तिच्या हाती आली नाही.

दरम्यान तिच्या दोन्ही बगला दुबळ्या झाल्या होत्या. तेथे रुमानियाच्या तिसऱ्या व चौथ्या सेना तैनात होत्या. त्यांच्याकडे रणगाडाविरोधी तोफा फारच थोड्या होत्या. १९ नोव्हेंबर रोजी उत्तरेकडून व २० नोव्हेंबर रोजी दक्षिणेकडून सोव्हिएत सैन्याने या बगलांवर हल्ला चढवला. २३ नोव्हेंबर रोजी कलाच शहराजवळ सोव्हिएत फौजांच्या दोन फळ्या एकमेकींना मिळाल्या आणि वेढा पूर्ण झाला. सहावी सेना, चौथ्या रणगाडा सेनेचा काही भाग व रुमानियन तुकड्या असे अडीच लाखांहून अधिक सैनिक त्यात सापडले.

वेढा व कोंडी फोडण्याचा प्रश्न

वेढा पडताच पाउलुसने हिटलरकडे स्वतःच्या विचाराने निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य मागितले. पश्चिमेकडे कोंडी फोडून बाहेर पडण्याचा मार्ग खुला राहावा, हा त्यामागील उद्देश होता. हवाईदलप्रमुख हेर्मान गोअरिंग याने वेढलेल्या सैन्याला विमानांनी रसद पुरवण्याची हमी दिली आणि २४ नोव्हेंबर रोजी हिटलरने सहाव्या सेनेस जागा न सोडण्याची आज्ञा दिली.

दुसऱ्याच दिवशी ५१व्या कोरचा सेनापती वाल्टर फॉन झाइडलिट्झ याने पाउलुसला एक टिपण सादर केले. हवाई मार्गाने एवढ्या सैन्याचे पोषण होणे अशक्य आहे; म्हणून हिटलरच्या आज्ञेविरुद्ध जाऊनही त्वरित बाहेर पडावे, असे त्याचे प्रतिपादन होते. पाउलुस व त्याचा चीफ ऑफ स्टाफ आर्थर श्मिट यांनी ते मान्य केले नाही. संपूर्ण आघाडीची परिस्थिती केवळ सर्वोच्च मुख्यालयालाच ठाऊक असते, असे त्यांचे म्हणणे होते.

झाइडलिट्झचे भाकीत खरे ठरले. सहाव्या सेनेला दररोज किमान ३०० टन व पुरेशा प्रमाणात सुमारे ५०० टन सामग्रीची गरज होती. प्रत्यक्षात सरासरी पुरवठा १०० टनांच्या आसपास राहिला. भाकरीचे वाटप घटत गेले व सैन्यातील घोडे मारून खाण्यात आले. थंडी, उपासमार व रोग यांनी सैनिक मरू लागले. वेढ्यातील जर्मन छावण्यांत असलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांची अवस्था याहून भयानक झाली. त्यांचे अन्न बंद झाले व त्यांपैकी बहुतेक जण भुकेने मेले.

१२ डिसेंबर रोजी फील्ड मार्शल एरिक फॉन मानस्टाइन याच्या आज्ञेवरून जनरल हेर्मान होत याच्या रणगाड्यांनी बाहेरून वेढा फोडण्यास प्रारंभ केला. सुमारे आठवडाभरात ते मिश्कोवा नदीपर्यंत, वेढ्यापासून सुमारे ४८ किमी अंतरावर पोहोचले. सहाव्या सेनेने आतून बाहेर पडून त्यांना मिळावे, असा विचार पुढे आला. हिटलरने स्टालिनग्राड सोडण्यास परवानगी दिली नाही आणि पाउलुसने परवानगीवाचून हालचाल केली नाही. त्याच्या रणगाड्यांत जेमतेम ३० किमी जाण्याइतके इंधन होते. नाताळच्या सुमारास होतच्या सैन्याला माघार घ्यावी लागली आणि सुटकेची अखेरची संधी संपली.

शरणागती

८ जानेवारी १९४३ रोजी सोव्हिएत सैन्याने शरणागतीचा प्रस्ताव पाठवला. जखमींवर उपचार, कैद्यांना अन्न व युद्धानंतर मायदेशी परत पाठवणी अशी आश्वासने त्यात होती. वरिष्ठांच्या आज्ञेनुसार पाउलुसने तो नाकारला. १० जानेवारीस अंतिम हल्ला सुरू झाला. १६ जानेवारीस पितोमनिक व त्यानंतर आठवडाभरात गुमराक हे दोन्ही विमानतळ पडले. २२ जानेवारी रोजी पाउलुसने शरणागतीची परवानगी मागितली. हिटलरने ती फेटाळली.

३० जानेवारी हा हिटलरच्या सत्तारोहणाचा दहावा वर्धापनदिन होता. त्या प्रसंगी पाउलुसच्या मुख्यालयातून हिटलरला अभिनंदनाचा संदेश गेला. हिटलरने त्याला फील्ड मार्शल केले. पूर्वी एकाही जर्मन फील्ड मार्शलने शरणागती पत्करली नसल्याने या बढतीत आत्महत्येची अपेक्षा सूचित होती. पाउलुसने ती पूर्ण केली नाही. ३१ जानेवारीस सकाळी शहरातील उनिव्हेरमाग या मोठ्या दुकानाच्या तळघरात तो सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेला. वाटाघाटी त्याच्या अधिकाऱ्यांनी केल्या. शहराच्या उत्तर भागात लढत असलेल्या तुकड्यांना शस्त्रे खाली ठेवण्याची आज्ञा देण्यास त्याने नकार दिला. त्या तुकड्या २ फेब्रुवारीस शरण आल्या.

सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले. ते आधीच उपासमारीने व आजारांनी खंगलेले होते. टायफस, अन्नाचा तुटवडा व कष्टाची कामे यांमुळे त्यांतील बहुसंख्य कैदेत मरण पावले. केवळ पाच ते सहा हजार सैनिक जर्मनीत परतले.

कैद व हिटलरविरोधी भूमिका

जुलै १९४३मध्ये सोव्हिएत संघाच्या पुढाकाराने जर्मन युद्धकैदी व निर्वासित साम्यवादी यांची 'स्वतंत्र जर्मनीसाठी राष्ट्रीय समिती' स्थापन झाली. सप्टेंबरमध्ये कैदी अधिकाऱ्यांचा एक संघ निघाला व झाइडलिट्झ त्याचा अध्यक्ष झाला. पाउलुस सुरुवातीला या चळवळीपासून अलिप्त व तिच्या विरोधात होता. फेब्रुवारी १९४४मध्ये त्याचा मुलगा फ्रीडरिख इटलीत आन्झियो येथील लढाईत ठार झाला. २० जुलै १९४४ रोजी काही जर्मन अधिकाऱ्यांनी हिटलरला ठार करण्याचा अयशस्वी प्रयत्न केला. कटात सामील असलेल्या फील्ड मार्शल एर्विन फॉन विट्झलेबेन याला ८ ऑगस्ट १९४४ रोजी फाशी देण्यात आले. त्याच दिवशी पाउलुसने हिटलरला दूर सारून युद्ध थांबवण्याचे जाहीर आवाहन केले. परिणामी नाझी राजवटीने त्याच्या पत्नीला व इतर कुटुंबीयांना अटक केली.

११ फेब्रुवारी १९४६ रोजी न्यूर्नबर्ग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे सोव्हिएत पक्षाने पाउलुसला साक्षीदार म्हणून उभे केले. तो हजर राहील याची आरोपींना कल्पना नव्हती. सोव्हिएत संघावरील हल्ला हा बचावाचा उपाय नसून आधीच आखलेले आक्रमण होते, अशी साक्ष त्याने दिली. या योजनेतील स्वतःच्या सहभागाविषयी आरोपींच्या वकिलांनी त्याची कसून उलटतपासणी केली. साक्षीनंतर त्याला पुन्हा सोव्हिएत संघात नेण्यात आले. पत्नी एलेना नोव्हेंबर १९४९मध्ये बाडेन-बाडेन येथे मरण पावली. १९४२नंतर त्या दोघांची भेट झाली नाही.

अखेरची वर्षे

१९५३मध्ये सुटका झाल्यावर पाउलुस पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथे स्थायिक झाला. तेथे त्याने लष्करी इतिहासाच्या संशोधनाचे काम केले आणि स्टालिनग्राडच्या लढाईवर व्याख्याने दिली. स्नायू क्षीण करणाऱ्या मज्जासंस्थेच्या विकाराने १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी बाडेन-बाडेन येथे पत्नीच्या शेजारी ठेवण्यात आल्या. त्याची पत्रे व टिपणे वाल्टर ग्योर्लिट्झ याने संपादित करून १९६०मध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या जर्मन शीर्षकाचा अर्थ 'मी येथे आज्ञेवरून उभा आहे' असा होतो.

मूल्यमापन

पाउलुसविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याने कोंडी फोडली असती, तर सैन्याचा निदान काही भाग वाचला असता, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार इंधन व वाहने यांच्या अभावी उघड्या बर्फाळ मैदानावर सेनेचा संहार झाला असता. शिवाय सहाव्या सेनेने अनेक सोव्हिएत सेनांना अडकवून ठेवल्यामुळे कॉकेशसमधील जर्मन सैन्याला माघार घेता आली, याकडेही हा पक्ष लक्ष वेधतो.

जानेवारी १९४३मधील शरणागती नाकारण्याच्या निर्णयाचे समर्थन करणे याहून कठीण आहे. त्या वेळी सुटकेची आशा उरली नव्हती आणि प्रत्येक दिवशी माणसे मरत होती. सोव्हिएत सैन्याला गुंतवून ठेवण्याचे कारण मानस्टाइनसारख्या सेनापतींनी पुढे केले. पण पाउलुसने स्वतः २२ जानेवारीस परवानगी मागितली, यावरून पुढील प्रतिकार निरर्थक असल्याची जाणीव त्याला झाली होती, असे दिसते. परवानगी नाकारली गेल्यावर तो आणखी नऊ दिवस थांबला. हिटलरची चूक त्याने ओळखली, पण ती जाहीरपणे सांगण्यास त्याला कैदेत दीड वर्ष लागले. तोवर सहाव्या सेनेतील त्याचे बहुतेक सैनिक मरण पावले होते.